घाशीराम कोण तयार करतं?

संगीतपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरो, हिरॉईन, बाग, पाऊस आणि मागे नाचणारी पन्नास माणसं! इंग्लिश मीडियमवाल्यांना अजून एक सिनेमा आठवतो, ‘द साऊंड ऑफ म्युझिक’. कॉन्व्हेंटमध्ये शिकून तो न बघता दहावी पास झालेला विद्यार्थी सापडणं अवघडच. आम्हाला तर सिस्टरनी त्यातली गाणी प्रेयरसारखी पाठ करायला लावली होती. पण गाण्यांच्या नादात एक गोष्ट सुटते. ते कुटुंब शेवटी डोंगर ओलांडून जातं, ते कुणाला घाबरून? तर १९३८ साली ऑस्ट्रिया गिळणाऱ्या नाझींना.

एवढ्या भयंकर काळाची गोष्ट सांगायला गाणी कशाला? नाचगाण्याने गोष्टीचं गांभीर्य कमी होत नाही का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर दोन कलाकृतींमध्ये सापडतं. गंमत म्हणजे दोन्ही १९७२ सालच्या. एक अमेरिकेतली आणि एक चक्क आपल्या पुण्यातली. आणि त्या समजून घेतल्या की आपल्या लातूर-चाकूरच्या इतिहासाकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं. म्हणून हा लेखप्रपंच.

बर्लिनमधला क्लब

पहिली कलाकृती म्हणजे बॉब फॉसी यांचा ‘कॅबरे’ हा सिनेमा. काळ १९३१, गाव बर्लिन. किट कॅट क्लब नावाच्या ठिकाणी सॅली बोल्स ही अमेरिकन मुलगी रोज रात्री गाते. ही भूमिका लायझा मिनेली यांनी केली. या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं तेवढं ‘गॉडफादर’ने नेलं. मूळ गोष्ट ख्रिस्तोफर इशरवुड या इंग्रज लेखकाची. तो स्वतः त्या काळात बर्लिनमध्ये राहिला होता.

या सिनेमात हिटलर कुठेच दिसत नाही. दिसतात ती साधी माणसं. सुरुवातीला क्लबमध्ये एक नाझी कार्यकर्ता येतो, मॅनेजर त्याला हाकलून देतो. थोड्याच वेळात त्या मॅनेजरला बेदम मारहाण होते. ही मारहाण स्टेजवर चाललेल्या विनोदी नाचाला जोडून दाखवली आहे. एक फटका नाचातला, एक फटका खरा. प्रेक्षक हसतायत, बाहेर माणूस रक्तबंबाळ होतोय. आणि शेवटच्या शॉटमध्ये त्याच क्लबच्या खुर्च्यांवर दंडाला स्वस्तिकाची पट्टी बांधलेली माणसं आरामात बसलेली दिसतात. ज्यांना बाहेर काढलं होतं, तेच आता पुढच्या रांगेत!

सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग क्लबच्या बाहेरचा आहे. गावाबाहेरच्या एका बागेतल्या हॉटेलात लोक निवांत बसलेत. एक गोरा, देखणा पोरगा गाऊ लागतो. आवाज इतका गोड की आपणही ऐकत राहतो. मग कॅमेरा हळूच खाली येतो आणि त्याचा गणवेश दिसतो. एकेक करून लोक उठतात, गाऊ लागतात, चेहरे कठोर होत जातात. फक्त एक म्हातारा उठत नाही. हे गाणं जॉन कँडर आणि फ्रेड एब या दोन ज्यू कलावंतांनी रचलेलं आहे. पण ते इतकं खरं वाटतं की अनेकांचा ते जुनं नाझी गाणं असल्याचा समज झाला.

याच सिनेमात मॅक्स नावाचा एक श्रीमंत सरदार आहे. त्याचं म्हणणं असं, की नाझी म्हणजे मूर्ख गुंड, पण कामाचे आहेत. त्यांना कम्युनिस्टांचा बंदोबस्त करू दे, मग त्यांना आवरायला आपण आहोतच. बागेतल्या त्या गाण्यानंतर त्याचा मित्र त्याला विचारतो की अजूनही तुला वाटतं का, तुम्ही यांना आवरू शकाल? मॅक्सकडे उत्तर नसतं.

मॅक्स काल्पनिक असला तरी त्याचा हिशोब काल्पनिक नव्हता. १९२८ साली जर्मन संसदेत नाझींच्या जागा होत्या फक्त १२. १९३० मध्ये झाल्या १०७, जुलै १९३२ मध्ये २३०. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला, तेव्हा मंत्रिमंडळात त्याला धरून नाझी होते तीनच. बाकीचे जुने, प्रतिष्ठित नेते. त्यांना वाटलं, आपण याला नोकरीवर ठेवलंय! पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पुण्यातली भिंत

हा मॅक्सचा हिशोब लक्षात ठेवा आणि आता पुण्याला चला.

१६ डिसेंबर १९७२. पुण्याचं भरत नाट्य मंदिर. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन म्हणजे पीडीए या संस्थेने एक नवीन नाटक केलं, ‘घाशीराम कोतवाल’. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. नाना फडणवीस झाले होते डॉ. मोहन आगाशे आणि घाशीराम झाले होते रमेश टिळेकर. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ! बी. जे. मेडिकलच्या वातावरणात वाढलेली ही मंडळी. सबमिशनमुळे गॅदरिंगला वेळ मिळत नाही म्हणणाऱ्यांनी (म्हणजे आपण सगळ्यांनी) हे जरा लक्षात घ्यावं.

नाटकाची गोष्ट थोडक्यात अशी. कनौजचा ब्राह्मण घाशीराम पोट भरायला पुण्यात येतो. इथे त्याला चोर ठरवून मारतात, अपमान करून हाकलतात. तो सूड घ्यायची शपथ घेतो. नानांची नजर त्याच्या मुलीवर, ललितागौरीवर पडते. घाशीराम मुलगी देतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मागून घेतो. नानाही खुळे नाहीत. त्यांचा हिशोब ठरलेला असतो: हा परका माणूस, याला पुण्यात कुणाचा आधार नाही, तो आपल्या मुठीत राहील आणि आपली पापंही त्याच्याच खात्यावर जमा होतील.

मग घाशीरामाचं राज्य सुरू होतं. रात्री बाहेर पडायला परवाना, प्रत्येक गोष्टीला परवाना, घराघरात झडती, निरपराध माणसाच्या हातावर तापलेला गोळा. लोक भितात, पण चालवून घेतात. तिकडे गौरी बाळंतपणात मरते आणि नाना पुन्हा बोहल्यावर चढतात. शेवटी घाशीरामाच्या कोठडीत बाहेरगावचे ब्राह्मण कोंडून मरतात आणि लोक नानांच्या वाड्यावर चालून जातात. नाना एका क्षणात घाशीरामाला जमावाच्या हवाली करतात. जमाव त्याला ठेचून मारतो. आणि नाना तीन दिवस उत्सव करण्याचं फर्मान काढतात!

आता इतिहास काय सांगतो ते वेगळं काढून बघितलं पाहिजे. घाशीराम सावळदास हा खरा माणूस होता. तो मूळचा उत्तरेकडचा, पण पुण्यात आला तो आपल्या मराठवाड्यातल्या औरंगाबादहून. १७७७ पासून १७९१ पर्यंत तो पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कैदेत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं, हेही खरं. पण ललितागौरीची गोष्ट नाटकातली आहे. खरे नाना फडणवीस हे पेशवाई सावरणारे मुत्सद्दी होते. तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हता. त्यांना दाखवायचं होतं, घाशीराम तयार कसा होतो ते.

आणि ते त्यांनी दाखवलं गाण्यातून. पडदा उघडतो तेव्हा स्टेजवर बारा माणसं एका रांगेत उभी असतात, गात आणि डुलत. ही रांग म्हणजे पुण्यातले ब्राह्मण. तोंड प्रेक्षकांकडे केलं की ते नागरिक होतात. पाठ फिरवली की भिंत होतात. भिंतीमागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही किंवा अर्धवट दिसतं. कोकणातल्या खेळ्यांच्या रूपातून ही कल्पना आली. शिवाय कीर्तन, अभंग, लावणी, तमाशा, गोंधळ असं सगळं त्यात मिसळलेलं आहे.

इथे आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. एखादी वाईट गोष्ट घडते, लगेच रांग देवाचं नाव घेऊन जोरात गाऊ लागते. किंकाळी गाण्यात बुडते. आपण प्रेक्षक म्हणून पायाने ताल धरलेला असतो आणि थोड्या वेळाने कळतं की आपण कशाला ताल देत होतो! गाणं इथे टाइमपासला नाही. एकत्र गाताना माणसाला छान वाटतं, एकटेपणा जातो, आपण मोठ्या कशाचा तरी भाग आहोत असं वाटतं. अतिरेकी राजकारणाला माणसाची हीच भूक लागते. बर्लिनच्या बागेतला पोरगा आणि पुण्यातली रांग, दोघांचं काम एकच. भाषण ऐकून माणूस विचार तरी करतो. कोरसमध्ये विचार करायला जागाच नसते.

नाटकाबाहेरचं नाटक

तेंडुलकरांना हे १९७२ मध्येच का सुचलं? त्या वेळची मुंबई बघा. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणांना नोकऱ्या मिळत नाहीत हा प्रश्न खरा होता. पण राग काढला गेला तो दक्षिण भारतीयांवर, आणि कारखान्यांमध्ये कम्युनिस्ट युनियनवर. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. कम्युनिस्टांना शह बसतोय म्हणून काँग्रेसचे नेते या संघटनेकडे कानाडोळा करतात असं उघड बोललं जाई. टीकाकारांनी तर तिला ‘वसंतसेना’ असं नावच पाडलं होतं. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. हे सगळं आपल्या मनात होतं असं तेंडुलकरांनी पुढे सांगितलं. पण नाटक एका पक्षापुरतं किंवा एका जातीपुरतं नाही, कुठल्याही काळात आणि कुठल्याही गावात सत्ता असे घाशीराम तयार करते, हेही ते सांगत राहिले.

पुण्यात नाटकावर वादळ उठलं. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी केली असा आरोप झाला. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच प्रयोग थांबवले. कलाकारांनी मग १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी ही स्वतःची संस्था काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये त्यांना बर्लिनच्या महोत्सवाचं आमंत्रण आलं. तेव्हा असं नाटक परदेशात न्यायचं नाही म्हणून विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी ‘हा इतिहास नव्हे, नाना थोर मुत्सद्दी होते’ अशा अर्थाचं निवेदन प्रयोगाआधी वाचायचं ठरलं आणि मंडळी युरोपला गेली.

याच गोष्टीवर १९७६ मध्ये मराठी सिनेमाही निघाला, तोही आणीबाणीच्या काळात! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप हे त्यामागचे लोक, पटकथा तेंडुलकरांचीच. नाना पुन्हा मोहन आगाशे आणि घाशीराम झाले ओम पुरी. हा ओम पुरींचा पहिला सिनेमा. शॉट लांबलचक आहेत, गोष्ट सरळ चालत नाही, त्यामुळे मेसमध्ये जेवता जेवता बघण्यासारखा हा सिनेमा नाही हे आधीच सांगतो. पण पुढची गंमत ऐका. या सिनेमाची प्रिंट जपून ठेवली होती ती बर्लिनमधल्या आर्सेनल या संस्थेने. तिच्यावरून डिजिटल प्रत झाली आणि २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ती दाखवली गेली. आपल्या घाशीरामाला सांभाळलं ते किट कॅट क्लबच्या गावाने!

आणि आपल्याकडे?

बर्लिन लांब, पुणेही तसं लांबच. आपल्याकडे असं काही झालं का? झालं. आणि तो माणूस चाकूरहून तासाभरावर असलेल्या लातूरचा होता.

कासिम रझवी लातूरला वकिली करत असे. १९४६ मध्ये तो हैदराबादच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला आणि त्याने रझाकारांची सशस्त्र फळी वाढवली. निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात सामील व्हायचं नव्हतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालला होता. शेतकऱ्यांमध्ये कम्युनिस्टांचं बळ वाढत होतं. अशा वेळी रझाकार दरबाराला सोयीचे वाटले. इथेही मॅक्सचाच हिशोब: त्यांना दहशत बसवू दे, आवरायला आपण आहोतच.

आवरता आलं नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामाचं शिष्टमंडळ करार करायला दिल्लीला निघणार होतं. रझवीच्या जमावाने निजामाच्याच पंतप्रधानांच्या, छतारीच्या नवाबांच्या, आणि सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन यांच्या घरांना वेढा घातला. छतारींना पद सोडावं लागलं. आता कोतवालच नानांना हुकूम देऊ लागला होता! गावागावात लुटालूट, जाळपोळ, खून झाले. रझाकारांविरुद्ध लिहिणारे पत्रकार शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारण्यात आलं. ते स्वतः मुसलमान होते, हे विसरू नये.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आलं, १७ तारखेला निजाम शरण आले. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन. त्यानंतर २३ सप्टेंबरला निजामांनी रेडिओवर भाषण केलं. रझवीच्या छोट्या टोळीने हिटलरच्या जर्मनीची आठवण यावी अशा पद्धतीने राज्य बळकावलं आणि मला अगदी असहाय करून टाकलं, असा त्याचा आशय होता. मी हे वाचलं तेव्हा थक्क झालो. ‘कॅबरे’ आणि ‘घाशीराम’ची तुलना करायला मला जो धागा पाहिजे होता, तो खुद्द निजामांनीच देऊन ठेवलाय! सगळी पापं कोतवालाच्या खात्यावर. पुढे रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला आणि मग पाकिस्तानात गेला. निजाम मात्र १९५० मध्ये हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले.

आणि जमावाचं काय? नाटकात घाशीरामाला ठेचणारे हात त्याच रांगेतले असतात. इथेही पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर बदल्याच्या नावाखाली ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे हजारो मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज कमीत कमी २७ ते ४० हजारांचा होता. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बिदरमध्ये वाटलेला होता, म्हणजे हे आपल्याच पायाखालच्या जमिनीवर घडलं. रझाकारांचे अत्याचार आपल्याला घरी आणि शाळेत सांगतात आणि ते सांगायलाच पाहिजेत. हा दुसरा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्याच अहवालात असंही नोंदवलंय की अनेक हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. बर्लिनच्या बागेत न उठलेला म्हातारा आपल्याकडेही होता.

फ्यूज आणि मेन स्विच

आपल्या भाषेत सांगायचं तर घाशीराम हा फ्यूज आहे. करंट वाढला की तो जळतो आणि मागचं सर्किट सुरक्षित राहतं. आपण जळलेल्या फ्यूजला शिव्या देतो, नवीन तार टाकतो आणि पुन्हा लाईट चालू. लोड कुणी वाढवला, वायरिंग कुणी केलं, मेन स्विच कुणाच्या हातात आहे हे कुणी विचारत नाही.

पण नुसतं नानांवर ढकलूनही चालणार नाही. बारा माणसांची रांग नसती तर नानांना आडोसा मिळाला नसता. आणि रांगेत उभं राहायला फार मोठा दुष्टपणा लागत नाही. होस्टेलचंच घ्या ना. कुठल्याही होस्टेलवर एखाद्याला चार जण मुद्दाम ‘दादा’ करतात, कारण त्याच्या जोरावर आपली कामं होतात. ज्युनिअरला त्रास झाला की बाकीचे टाळ्या वाजवतात, गाणी म्हणतात किंवा दार लावून अभ्यास करतात. दार लावणं ही पण पाठ फिरवणंच झालं. आणि प्रकरण अंगाशी आलं की तेच चार जण सांगतात, “आमचा काय संबंध? सगळं त्यानंच केलं!”

संगीतपटात गाणी कशाला, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं आहे. दहशत पहिल्या दिवशी आरडाओरडा करत येत नाही. ती चालीत येते, ठेक्यात येते आणि तेव्हा तिच्यासोबत गाणारे आपल्यासारखेच चांगल्या घरचे लोक असतात. म्हणून पुढच्या वेळी सगळे एका सुरात ओरडत असतील, तेव्हा ताल धरण्याआधी रांगेच्या मागे काय चाललंय ते एकदा मान वळवून बघायचं. एवढं तर आपण करू शकतो. बघा पटतंय का!